बोर्दो ते तुलूज: बाबांची सायकल पुन्हा रस्त्यावर

बाबांनी पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली ती सायकलवरून. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. निवृत्तीनंतर एकदा सिंहगड रस्त्यावर एका टेम्पोचा आरसा त्यांच्या दंडाला घासून गेला आणि त्या दिवशी सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. गुडघे धड, दम धड, नडला तो फक्त रस्ता. म्हणून गेल्या सप्टेंबरात, त्यांच्या एकोणसत्तराव्या वर्षी, मी त्यांना फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात घेऊन गेले. बोर्दो ते तुलूज, सहा दिवस, साधारण अडीचशे किलोमीटर. त्यातला मोटारींचा रस्ता जेमतेम एका सकाळचा.

फ्रान्समध्ये अशा वाटांना 'व्ह्वा व्हेर्त' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. सायकली, पायी चालणारे, चाकांच्या खुर्च्या एवढ्यांनाच तिथे मुभा. बहुतेक वाटा दोनच प्रकारच्या: बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरच्या, नाहीतर कालव्याच्या काठच्या. दोन्हींचा फायदा एकच, चढ नसल्यासारखे. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही आणि पाण्याला तर मुळीच नाही. आमच्या मार्गात दोन्ही प्रकार आले. अख्ख्या मार्गावर व्ही ८० अशा पाट्या आहेत. अटलांटिककडच्या रोयाँपासून भूमध्य समुद्रावरच्या सेतपर्यंत जाणारा हा मार्ग, आम्ही त्याचा मधला तुकडा केला.

बोर्दोत सुरुवात दगडी पुलावरून करा. सतरा कमानींचा हा जुना पूल २०१७ पासून मोटारींना बंद आहे, त्यामुळे शहरातून बाहेर पडतानाही जीव मुठीत धरावा लागत नाही. नदीकाठाने लात्रेनपर्यंत गेलं की जुन्या रेल्वेचा मार्ग सुरू होतो. त्याला रॉजे लापेबी यांचं नाव दिलंय. १९३७ ची तूर द फ्राँस त्यांनी जिंकली आणि गिअर बदलणारी यंत्रणा वापरून ती शर्यत जिंकणारे ते पहिलेच. सोव्हतेरपर्यंतचे हे पन्नास-पंचावन्न किलोमीटर द्राक्षमळ्यांतून, झाडीतून आणि एका बोगद्यातून जातात. वाटेत क्रेओंच्या जुन्या स्टेशनात थांबा. तिथे पाणी, स्वच्छतागृह आणि सायकल दुरुस्तीची सोय आहे.

त्या पहिल्या दिवशी बाबांकडे बघवत नव्हतं. खांदे कानापर्यंत ओढलेले, वाटेच्या अगदी कडेला चिकटून, दर मिनिटाला मान मागे. वळण आलं की हात बाहेर काढून इशारा. मागे मी सोडून कुणीच नव्हतं. वर सवयीने डावीकडून चालवत होते. तिकडे उजवीकडून चालवायचं असतं, हे पहिल्या तासातच पक्कं करा. समोरून येणाऱ्या सायकली वेगात असतात आणि गोंधळ तिथेच होतो.

सोव्हतेर ते कालवा हा पट्टा मात्र खऱ्या रस्त्याचा आणि चढउतारांचा. ला रेओलजवळ नदी ओलांडेपर्यंत आम्ही सकाळी लवकर, गाड्या नसताना जाऊन घेतलं. हे धास्तावणारं वाटत असेल तर बोर्दोहून लोकल गाडीने सायकलसकट थेट ला रेओलला उतरा. तिथून कालवा अगदी जवळ. लापेबी मार्ग हुकेल, पण कालवा हुकवू नका.

गारोन कालवा १८३८ ते १८५६ या काळात बांधला. १९३ किलोमीटर, ५३ लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटीला वर-खाली नेणारे दारांचे हौद. पूर्ण झाला तेव्हाच शेजारून रेल्वे आली आणि मालवाहतूक हळूहळू तिकडे गेली. ती रेल्वे आजही झाडांपलीकडून धडधडत जाते, पण कालव्यावर आता फक्त हौशी बोटी आणि काठाने सायकली. जुन्या खेचवाटेवर, म्हणजे जिथून पूर्वी काठावरून दोरांनी बोटी ओढत त्या वाटेवर, गुळगुळीत डांबर आहे. दोन्ही बाजूंना चिनाराच्या जातीची प्लाताँ झाडं, त्यांची सालं निघालेली, खोडं ठिपक्याठिपक्यांची. मुळांनी डांबर कुठेकुठे वर उचललंय, तिथे सावकाश.

लॉकचं काम बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तासभर हलले नाहीत. बोट जवळ आली की टपावरची बाई पाण्यावर लोंबणारा एक दांडा पिळते. दिवा लुकलुकतो, दारं उघडतात, बोट आत येते. मग मागची दारं बंद होतात आणि पुढच्या दारांच्या झडपा उघडून पाणी उसळत आत यायला लागतं. बोट नुसती उभी, आणि हळूहळू माणसाच्या डोक्याच्याही वर चढते. पाणी चढवायला पंप नाही, वरचं पाणी खाली येतं एवढंच. "कारखान्यात आम्ही यासाठी तीन माणसं आणि एक क्रेन लावली असती," बाबा म्हणाले. त्यानंतर प्रत्येक लॉकच्या घरावरची पाटी ते थांबून वाचत. तीवर पुढचा लॉक किती अंतरावर ते लिहिलेलं असतं. तीस किलोमीटर ऐकून दडपण येतं, पण पुढचा लॉक तीन किलोमीटरवर म्हटलं की पाय आपोआप चालतात.

ल मास-दाजने या गावातल्या चर्चमध्ये रेम्ब्रांटने १६३१ साली काढलेलं एक चित्र आहे. वाकडी वाट करून चढ चढावा लागतो. चढा.

दामाझाँजवळ मागचं चाक बसलं. सायकली भाड्याच्या. दुकानाने दिलेली जादा ट्यूब दुसऱ्याच मापाची निघाली आणि पुण्याहून नेलेला पंप तिकडच्या बारीक व्हॉल्व्हला बसेना. एका डच जोडप्याने मदत केली म्हणून निभावलं. तेव्हा सायकल ताब्यात घेताना दुकानातच ट्यूब चाकाशी ताडून बघा आणि पंप त्यांच्याकडूनच घ्या. बोर्दोत घेऊन तुलूजला परत करता येते अशी भाड्याची सोय मिळते, ती नक्की विचारा.

खाण्याचं बोलायलाच हवं. गावातली दुकानं दुपारी दोन-अडीच तास बंद. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बेकरीही बहुधा बंद. हॉटेलात रात्रीचं जेवण सातच्या आधी नाही. आम्ही दोघं शाकाहारी, त्यामुळे रोज सकाळीच पाव, चीज, मार्माँदचे टोमॅटो आणि आजाँची वाळवलेली आलुबुखारं पिशवीत भरायचो. सोबत घरची शेंगदाण्याची चटणी. ती दोनशे ग्रॅम नेली होती, अर्धा किलो न्यायला हवी होती. पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधा, तिथे नळ असतोच. बाबांनी पहिल्या दिवशी नकार दिला, "थडग्यांजवळचं पाणी?" चौथ्या दिवशी बाटली घेऊन तेच आधी उतरले. फक्त नळावर 'नाँ पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पिऊ नका.

आजाँच्या अलीकडे ओळीने चार लॉक चढून गेलं की कालवाच पुलावर चढतो. अर्धा किलोमीटरहून लांब दगडी पूल, तेवीस कमानी, वरून कालव्याचं पाणी आणि खालून गारोन नदी. सायकल हातात धरून चाला. कडेची वाट अरुंद आहे आणि बघायला थांबणाऱ्यांची गर्दी असते. आम्ही पोचलो तेव्हा वरून एक बोट सरकत होती आणि खाली नदीत एक माणूस मासे धरत होता.

आजाँ ते मोआसाक सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वालाँसच्या आसपास गोल्फेश अणुवीज केंद्राचे दोन अजस्र मनोरे तासभर सोबत करतात. मोआसाकला मुक्काम कराच. मठाचं आवार ११०० सालचं, शहात्तर कोरीव स्तंभशीर्षांचं, आणि प्रत्येकावर वेगळं कोरीवकाम. एकोणिसाव्या शतकात रेल्वे नेताना मठाची भोजनशाळा पाडली, आवार थोडक्यात वाचलं. खांबांच्या सावलीत उभं राहून ते ऐकताना मला फार वाईट वाटलं. सप्टेंबरात इथली शासला द्राक्षं येतात, सोनेरी, पातळ सालीची. अर्धा किलो घेऊन कालव्याच्या काठावर बसून संपवली.

मोआसाकनंतर तार्न नदीवरचा दुसरा पाण्याचा पूल, मग माँतेश. तिथे १९७४ मध्ये पाच लॉक टाळायला एक अचाट यंत्र बसवलं होतं. दोन डिझेल इंजिनं पाण्याची पाचर ढकलत उतारावरून वर न्यायची आणि त्या पाण्यावर तरंगणारी बोट वर जायची. २००९ पासून बंद आहे, पण बाहेरून सगळं दिसतं. अभियंता असाल तर दोन तास धरा.

शेवटच्या दोन दिवशी वाऱ्याने दमवलं. तुलूजच्या बाजूने ओताँ नावाचा आग्नेयेचा वारा सुटतो, तो थेट तोंडावर. एरवी पश्चिमेचा वारा पाठीवर असतो, म्हणून बोर्दोहून तुलूजला जाणं बरं. तरी शेवटी एक मोकळा दिवस ठेवा. व्हिसाच्या अर्जाला मुक्कामांची बुकिंग लागतात, तेव्हा ती रद्द करता येतील अशीच घ्या. 'आक्कै व्हेलो' अशी पाटी असलेल्या घरांत सायकल ठेवायला बंद जागा मिळते. आणि वाटेत कुणी थकलं तर मार्माँद, आजाँ, मोआसाक, मोंतोबाँ सगळीकडे स्टेशन आहे. लोकल गाडीत सायकल सुटी न करता चढवता येते, जलद गाड्यांना आधी नोंदणी लागते.

तुलूजच्या जोडपुलापाशी, जिथे तीन कालवे मिळतात, बाबा माझ्या बरंच पुढे होते. खांदे सैल, एक हात मांडीवर. मी पोचेपर्यंत ते पुढच्या पाटीसमोर उभे राहून अंतर वाचत होते.

"सेतपर्यंत अजून किती?"

"दोनशे चाळीस. पण पहिल्या पन्नासनंतर डांबर नाही बाबा, माती आहे. जाड टायर लागतील."

"मग जाड टायरची घे," ते म्हणाले.