श्यांग: घिरट्यांचं अक्षर

शुक्रवार, रात्री उशिरा

हल्ली रोज थोडी चिनी अक्षरं गिरवते. त्यातलं ‘श्यांग’ काही केल्या मनातून जात नाही. डावीकडे मेंढी, उजवीकडे शेजारीशेजारी दोन पिसं. मेंढी फक्त उच्चारापुरती. अर्थ सगळा पिसांत. एकूण बारा फटकारे. पिसांच्या आतले छोटे फटकारे मारताना कुंचला किंचित जरी दाबला गेला, तरी पीस भिजल्यासारखं जड दिसतं.

नुसत्या उडण्यासाठी ‘फेइ’ हे अक्षर आहेच. श्यांग म्हणजे घिरट्या घालणं. श्यू शेन या चिनी विद्वानाने इ.स. 100 च्या सुमारास रचलेल्या अक्षरकोशात हाच अर्थ दिलाय. पुढच्या टीकाकारांनी आणखी बारकावा टिपला: पंख न हलवता तरंगणं. दुपारी घार फिरते तसं.

कन्फ्यूशियसच्या ‘लुन्यू’त, म्हणजे त्याच्या वचनांच्या संग्रहात, दहाव्या अध्यायाच्या अखेरीस एक पक्षी येतो. माणसांच्या चेहऱ्याचा रंग बदललेला दिसताच तो उठतो, घिरट्या घालतो, आणि मगच खाली बसतो. आधी श्यांग, मग ‘ची’, म्हणजे उतरून बसणं. स्वतःचं राज्य सोडून वर्षानुवर्षं दारोदार फिरलेल्या गुरूच्या ग्रंथात हे असावं, याने मला गलबलून येतं.

पुढे जवळजवळ दीड हजार वर्षांनी, 1046 साली, फान चोंगयेन या अधिकारी-लेखकाने युएयांग शहरातल्या मनोऱ्याविषयी लिहिताना हीच दोन अक्षरं जोडून वापरली. तुंगथिंग सरोवरावर वसंत आलाय, वाळूवरचे कुरव घिरट्या घालताहेत, उतरताहेत. भीतीचा मागमूस नाही. फान तेव्हा राजधानीपासून दूर पाठवलेला, मनोरा नव्याने उभारणारा त्याचा मित्रही तसाच. अशा माणसाने पाखरांना इतकं निर्धास्त उतरू द्यावं!

ताओवादी तत्त्वज्ञ च्वांग त्सच्या ग्रंथातला लावा पक्षी मात्र सगळ्यांत लाडका. नव्वद हजार ली (ली हे चिनी अंतरमाप) उंच जाणाऱ्या फंग या प्रचंड काल्पनिक पक्ष्याला पाहून तो विचारतो, हा निघालाय तरी कुठे? मी झुडपांतून बागडतो, हेही उडणंच की. आणि त्या बागडण्यासाठी शब्द कोणता, तर ‘आओश्यांग’! पुष्कळ जण लाव्याला कोत्या मनाचा ठरवतात. ग्वो श्यांग या भाष्यकाराने मात्र दोघांनाही आपापल्या जागी मोकळं मानलं. मी त्याच्या बाजूची.

उद्या फानचा उतारा पुन्हा काढायचा, पावसाच्या वर्णनापासून.