बिजासनच्या पुढे माझा कायदा

‘आईवडील राहिले नाहीत, घर विकलं, भाऊ बंगलोरला. मग दर वर्षी इंदूरला जाता तरी कुणाकडे? आणि एवढ्या लांब गाडीनं कशाला?’

हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, भिशीत, नणंदेच्या घरी आणि गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांकडेही विचारून झाला. तिथं तोंड उघडं असल्यामुळे उत्तर देता आलं नाही. एरवी मी ‘गराडू खायला’ असं सांगून सुटते. गराडू म्हणजे काय हे पुण्यात कुणाला ठाऊक नसतं, मग विषय आपोआप कंदमुळांकडे वळतो. पण तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून या खेपेला खरं सांगते.

१९९३ साली लग्न होऊन मी इंदूरच्या रामबागेतून पुण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्साहानं सासूबाईंना सांगितलं, ‘‘आई, झाडू लावला.’’ त्या म्हणाल्या, ‘‘कुठं लावलास? कुंडीत?’’ घरभर हशा पिकला. पुण्यात केर काढतात, झाडू लावत नाहीत. पंखा लावतात, मी तो ‘चालव’ म्हणायचे. दूध इथं नासतं, आमच्याकडे फाटायचं. आणि ‘मी येऊन राहिले आहे’ म्हटलं की समोरचा विचारायचा, ‘‘म्हणजे? किती दिवस राहणार?’’

सासूबाई तशा प्रेमळ होत्या. चूक काढायचे ते आमचे हे. यांचा शुद्धलेखनावर भारी जीव. पत्रिकेतल्या वेलांट्यासुद्धा यांनी तपासल्या होत्या. वर्षभरात मी पुण्यासारखं बोलायला शिकले, म्हणजे बोलण्याआधी मनात एकदा गाळून घ्यायला. ही गाळणी दिवसभर हातात धरून किती दमायला होतं, हे मराठी माणसाच्या घरात मराठीच बोलून दमलेल्यालाच कळेल.

आमची मराठी काही बिघडलेली नव्हती हो. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. त्याच्या आगेमागे कारकून, पुजारी, वैद्य, शिलेदार असे कितीतरी लोक इकडून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. आमचे खापरपणजोबा त्यांच्यातलेच. दोनशे वर्षं हिंदी, माळवी, निमाडी भिंतीला भिंत लावून राहिल्या, तर वाटीभर साखर इकडची तिकडे जाणारच.

आता गाडीनं का, ते सांगते.

पुणे–इंदूर रेल्वे सुरत, वडोदरा, रतलाम असा गुजरातमधून वळसा घालून जाते. रात्री डोळा लागतो, उठावं तर रतलामच्या पुढे आलेलो. विमान तर विचारूच नका, ढगांच्या वर बोली बदलत नाही. रस्त्यावर मात्र ती बदलताना ऐकू येते. नगरला चहावाल्याचा हेल वेगळा होतो, धुळ्याला अहिराणी कानावर पडते, सेंधव्याच्या पुढे निमाडी, मानपूरचा घाट चढला की माळवी. सहाशे किलोमीटरच्या आसपासच्या या रस्त्यावर माझी गाळणी हळूहळू हातातून सुटत जाते. (नगर–मनमाड रस्त्यावर काय काय सुटतं, ते मणक्याच्या डॉक्टरांना विचारा.)

नगर मागे पडताना मला दर वेळी अहिल्यादेवी आठवतात. त्या नगरकडच्या चौंडीच्या. लग्न होऊन माळव्यात गेल्या. मी माळव्यातून निघून इकडे आले. रस्ता साधारण तोच, वरात उलटी. हे मी यांना एकदा सांगितलं तर म्हणाले, ‘‘त्यांच्याकडे तोफा होत्या.’’

आमचा करार झाला १९९८ मध्ये, बिजासनच्या घाटात. तेव्हा आमची मारुती ८०० होती. मे महिना, एसी नाही, मागच्या सीटवर तीन वर्षांची मुलगी. मी म्हटलं, ‘‘तिला झोप येऊन राहिली आहे.’’ हे म्हणाले, ‘‘येतेय.’’ त्या दिवसातली ही चौथी वेळ. बिजासनी मातेच्या देवळापाशी मी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले, नमस्कार केला आणि परत येऊन सांगितलं, ‘‘आता मध्य प्रदेश लागला. इथून पुढे माझा कायदा. परत घाट उतरेपर्यंत तुम्ही माझी एकही चूक काढायची नाही. काढलीत तर कचोरीचे पैसे तुमचे.’’ हे हसले आणि ‘‘मान्य’’ म्हणाले. तेव्हापासून तो करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला आहे. कचोरीचे पैसे तसेही यांच्याच खिशातून जातात, हा भाग वेगळा.

या वर्षी जानेवारीत मात्र सीमाच हलली. सोनगीरच्या जवळ चाक पंक्चर झालं. पंक्चरवाला चाक खोलता खोलता यांना म्हणाला, ‘‘कथा जाई राहिनात, भाऊ?’’ म्हणजे अहिराणीत ‘कुठं जाऊन राहिलात?’ मी गाडीत बसले होते, ती उडी मारून बाहेर आले. ‘‘ऐकलंत? जाई राहिनात! धुळे जिल्हा आहे हा, महाराष्ट्र!’’ पंक्चरवाला बिचारा घाबरला, काही वावगं बोललो की काय म्हणून. हे थोडा वेळ टायरकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘बरं. सोनगीरपासून तुझा कायदा.’’ साठ-सत्तर किलोमीटरचा मुलूख मी एका पंक्चरात जिंकला.

शिरपूरच्या अलीकडे तापी, खलघाटला नर्मदा. नर्मदेच्या पुलावर मी पर्समधून नाणं काढते, हे ‘नर्मदे हर’ म्हणतात आणि न सांगता काच खाली करतात. त्यानंतर मानपूरकडे चढ लागतो. याच वाटेनं उलट उतरताना २०२४ पर्यंत गणपती घाट लागायचा, तिथं ट्रकचे ब्रेक निकामी होऊन इतके अपघात झाले होते की परतीच्या वेळी आम्ही दोघंही गप्प असायचो. चढताना मात्र माझी बडबड चालू असते आणि ती बेधडक इंदुरी असते.

इंदूरमध्ये आम्ही हॉटेलात उतरतो. सकाळी पोहे-जिलेबी. तिथले पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर कढई ठेवून वाफेवर गरम ठेवलेले असतात, त्यांत बडीशेप असते, वरून शेव, कच्चा कांदा आणि जिरावण हा इंदुरी मसाला. खोबरं नाही म्हणून यांचा जीव पहिली काही वर्षं हळहळायचा. रात्री सराफा. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे मांडले जातात. कागदाचा द्रोण टाकायला डबा दिसेपर्यंत हे तो हातात धरून हिंडतात. पुण्यातही असंच करतात का, ते मी सांगणार नाही.

आणि राजवाडा. तिथं आम्ही काही करत नाही. समोरच्या बागेत, अहिल्यादेवींच्या पुतळ्यापाशी अर्धा तास बसतो.

१९८४ च्या दंगलीत राजवाडा पेटला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. लाकडाला वेळ लागला नाही. रामबागेतल्या आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता. बाबा कठड्याला धरून उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘राजवाडा जळून राहिला आहे.’’ एवढंच. मग खाली जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

लग्नानंतर कधीतरी हे मी यांना सांगितलं. चूक काढायची इतकी सवय, तरी हे काही बोलले नाहीत. पुण्याच्या मराठीत ते वाक्य मी मनात कितीदा करून पाहिलं आहे. ‘राजवाडा जळतोय.’ बरोबर आहे, पण ते बाबांचं नाही. त्या आगीत मागचं बरंचसं गेलं, दर्शनी भाग उभा राहिला. पुढे वाडा दुरुस्त झाला. बाबांच्या त्या वाक्यातला ‘राहिला’ मला अजून तिथंच दिसतो, दिंडी दरवाज्याच्या वर.

तर कुणाकडे जाता, याचं उत्तर असं अवघड आहे. रामबागेत आमच्या वाड्याच्या जागी चार मजली इमारत आहे, खाली पार्किंग. पलीकडच्या घरात मात्र काकू आहेत. वय ८६. या वर्षी त्यांनी आम्हाला आग्रहानं आत बसवलं आणि तासभर यांना माझ्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या. हे मधूनमधून, आपल्या स्वच्छ पुणेरी मराठीत, विचारपूस करत होते. काकूंनी कौतुकानं ऐकलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘जावईबापूंची मराठी किती छान गं. अगदी नाटकातल्यासारखी. घरी पण असंच बोलतात का?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘घरी पण.’’

‘‘अगं बाई,’’ काकू म्हणाल्या. त्यात बरीच सहानुभूती होती.

मग त्या चहा टाकायला आत गेल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, ‘‘अगं, दूध फाटलं!’’

मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघितलं. कचोरीचे पैसे मी मनात मोजायला घेतले होते. हे उठले, चपला पायात सरकवल्या आणि दारातून आत बघून म्हणाले, ‘‘पिशवी द्या काकू. फाटलं तर फाटलं, मी आणून राहिलो.’’