मेंदोसाची 'ला रुराल': १८८५ सालच्या वाइनरीत एक सकाळ

अर्जेंटिनातल्या मेंदोसाला वाइनसाठी येणारे बरेच जण उको खोऱ्यातल्या नव्या, झगमगीत वाइनरींची यादी घेऊन येतात. त्या देखण्या आहेत, मागे हिमाच्छादित अँडीज आहे, फोटो उत्तम येतात. पण एकाच ठिकाणी जायला वेळ असेल, तर मी मायपू भागातल्या कोकिंबितोची 'ला रुराल' सुचवेन. इटलीहून आलेल्या फेलिपे रुतिनी यांनी ती १८८५ साली सुरू केली. मेंदोसापर्यंत रेल्वे आली तीही त्याच वर्षी. राजधानी ब्युनोस आयरेस इथून हजार किलोमीटरवर. तोवर तिथे वाइन पाठवायची म्हणजे बैलगाड्या आणि खेचरांचे तांडे. रुळ आले आणि या वाळवंटी मुलखात द्राक्ष हे मुख्य पीक झालं.

वाइनरीच्या जुन्या इमारतीत वाइनचं संग्रहालय आहे. इथे घाई करू नका. मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते कातड्याच्या कुंडाने. लाकडी चौकटीला बैलाचं अख्खं कातडं झोळीसारखं बांधलेलं, त्यात द्राक्षं टाकून पायांनी तुडवायची आणि रस खाली भांड्यात धरायचा. कातडंच का, याचं उत्तर इथल्या जुन्या अर्थव्यवहारात आहे. रेल्वेपूर्वी मेंदोसाचे शेतकरी लसूणघास पिकवत, त्यावर गुरं पोसत आणि ती अँडीजपलीकडे चिलीत विकत. कातडं मुबलक, मोठं लाकूड दुर्मिळ. पुढच्या दालनांत लाकडी दाबयंत्रं, हातपंप, गाड्या आणि माणसापेक्षा उंच ओकची पिंपं दिसतात. ओळीने पाहत गेलं की पायांनी तुडवण्यापासून कारखान्यापर्यंतचा प्रवास किती थोड्या वर्षांत झाला ते लक्षात येतं.

आमच्या घरी निफाडकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे माझा जीव दालनांपेक्षा बाहेर जास्त रमला. मेंदोसात वर्षाला साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्यावर द्राक्ष जगणं शक्य नाही. सगळी मदार अँडीजच्या वितळलेल्या बर्फावर आणि ते पाणी आणणाऱ्या पाटांवर आहे. स्पॅनिश लोक येण्याआधी इथले मूळ रहिवासी ह्वार्पे पाटाने शेती भिजवत होते. आजही बऱ्याच बागांना पाण्याची पाळी ठरलेली असते आणि आपल्या पाटकऱ्यासारखा 'तोमेरो' दारं उघडतो, बंद करतो. मांडवावरच्या वेलीही इथे जुन्या बागांत दिसतात. मोठा फरक छाटणीचा. आपण एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी करतो. तिथे थंडीत वेल पानं टाकून झोपतो आणि छाटणी एकदाच. गारपिटीची धास्ती मात्र तीच. बागांवर ताणलेल्या जाळ्या पाहून कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला त्यामागचा खर्च आणि काळजी कळेल.

चाखायला शेवटी बसा. माल्बेक घ्याच. हा मूळचा फ्रान्सचा वाण, १८५३ मध्ये कृषितज्ज्ञ मिशेल पूझे यांच्या काळात इथे आला आणि इथल्या कोरड्या, उन्हाच्या हवेत फ्रान्सपेक्षा जास्त रुजला. पांढऱ्यात तोर्रोंतेस मागा. सुवास फुलांचा, चव कोरडी. थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात काही कमीपणा नाही, विशेषतः पुढे अजून एखादी वाइनरी गाठायची असेल तर.

जायचं कसं? मेंदोसा शहरातून मेट्रोत्रानव्हिया ही ट्राम मायपूच्या गुतिएरेसपर्यंत जाते. भाडं 'सुबे' या प्रवासाच्या रिचार्ज कार्डाने भरायचं. तिथून पुढे टॅक्सी किंवा भाड्याची सायकल. सायकलचा मार्ग सपाट आहे, पण काही रस्त्यांवर ट्रकची वर्दळ असते, म्हणून सकाळी लवकर निघा. वाइन पिऊन स्वतः गाडी चालवू नका. फेरीची वेळ आधीच नोंदवा आणि इंग्रजी फेरी हवी असेल तर तेव्हाच सांगा. दुपारी मेंदोसा खरोखर झोपतं, दुकानं संध्याकाळी उघडतात. रविवारच्या वेळा तर नक्की विचारून घ्या. ऊन कोरडं आणि तिखट असतं, टोपी आणि पाणी हवंच. शहरात फुटपाथच्या कडेला उघडे पाट आहेत, अंधारात जपून चाला.

तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल. मार्चच्या सुरुवातीला वेंदिमिया हा सुगीचा उत्सव असतो, तेव्हा खोल्या महिनोन् महिने आधी भरतात. गर्दी नको असेल तर मार्चअखेर किंवा एप्रिल निवडा. बागांची पानं पिवळी-लाल होऊ लागतात. शाकाहारी मंडळींनी उमिताची, म्हणजे मक्याच्या सारणाची एम्पानादा आणि भाजलेलं प्रोवोलेता चीज लक्षात ठेवावं. मांस नको हे मागवतानाच स्पष्ट सांगा.

परतताना भारतात २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं; बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत अर्जेंटिना आहे. सरकारमान्य केंद्रात निघण्याच्या किमान १० दिवस आधी लस घ्या आणि पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवा. ते नसेल तर परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.