‘सो डू आय’चा तास

कोल्हापुरातल्या आपल्या शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर बऱ्याच जणांना सहली आणि गॅदरिंग आठवेल. मला शनिवारच्या सकाळच्या शाळेतला आठवीचा इंग्रजीचा तास सांगायचा आहे. राज्यात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आलं. आमच्या वेळी ते पाचवीत सुरू व्हायचं, त्यामुळे आठवीत आलेली आमची बॅच तशी नवखीच होती.

सर एकाला फळ्याजवळ उभं करायचे. त्यानं स्वतःबद्दल एक खरं वाक्य इंग्रजीत सांगायचं. ते ज्याला लागू पडेल त्यानं उठून तीन शब्दांत दुजोरा द्यायचा. ‘मी टू’ला बंदी होती. ते चुकीचं नाही, बोलण्यात सर्रास चालतं, हे सर आवर्जून सांगायचे. पण पुढचा काय बोलला ते न ऐकताही ‘मी टू’ म्हणता येतं, म्हणून वर्गात नको.

‘आय लाइक तांबडा रस्सा’ म्हटलं की ‘सो डू आय’. ‘आय ॲम हंग्री’ला ‘सो ॲम आय’. ‘आय वेंट टू खासबाग येस्टरडे’ म्हटलं की कुस्तीचा नाद असलेली पोरं ‘सो डिड आय’ म्हणत उठायची. पंचगंगेच्या घाटावरून उड्या टाकणारे ‘आय कॅन स्विम’ची वाटच बघत असायचे, ‘सो कॅन आय’ असं खिडक्या हादरतील इतक्या मोठ्यानं यायचं. वाक्यात ॲम, कॅन, हॅव असं सहाय्यकारी क्रियापद असेल तर तेच उचलायचं. नसेल तर काळ आणि कर्ता बघून डू, डज, डिड घ्यायचं, कर्ता शेवटी ठेवायचा. ‘माय फादर वर्क्स इन शिरोली’ला ‘सो डज माइन’.

नकाराला ‘नायदर’ किंवा ‘नॉर’. ‘आय डोन्ट ईट मटन’ला ‘नायदर डू आय’ सहज यायचं. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘आय हॅव नेव्हर सीन द सी.’ वर्ग गप्प. वाक्यात ‘नॉट’ कुठेच नाही, मग ‘सो’ म्हणायचं की ‘नायदर’? सरांनी उत्तर दिलं नाही. फळ्यावर ते वाक्य लिहिलं, ‘नेव्हर’खाली खडूची जाड रेघ ओढली आणि आमच्याकडे बघत राहिले. पहिल्या बाकावरून ‘नायदर हॅव आय’ आलं, आणि मग एकेक करत जवळजवळ अख्खा वर्ग उभा राहिला. घाट उतरला की कोकण, तरी आमच्यापैकी फार थोड्यांनी समुद्र पाहिला होता.

‘सो इट इज’ मात्र वेगळं. तिथं शब्दांची जागा उलटत नाही. कुणी म्हणालं ‘इट्स रेनिंग’ आणि आपण खिडकीतून बघितलं तर खरंच पाऊस, की ‘सो इट इज’. आणखी कुणाला सामील करून घ्यायचं असेल तर ‘सो इज ही’, समोरच्याचं म्हणणं खरं निघालं तर ‘सो ही इज’. हा फरक चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांकडूनही निसटताना मी पाहतो.

आज मी एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, ट्रक जागच्या जागी अडकले, आमचं कास्टिंगही त्यात होतं. परदेशातल्या ग्राहकाचा फोन आला. रस्ता अजून बंदच आहे का? ‘आय ॲम अफ्रेड सो.’ पाणी आणखी चढेल? ‘आय होप नॉट.’ तुमची माणसं सुखरूप आहेत ना? ‘आय थिंक सो.’ नुसतं ‘येस’ म्हटलं असतं तर रस्ता बंद असल्याची बातमी पोचली असती, पण आम्हालाही त्याचं वाईट वाटतंय हे पोचलं नसतं. ‘थिंक’चा नकार ‘आय डोन्ट थिंक सो’ होतो, ‘होप’चा मात्र ‘आय होप नॉट’. तिथं ‘डोन्ट’ लावत नाहीत. सरांनी हेही फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दिलं होतं. त्या आठवड्यात बोलताना मला एकदाही अडखळावं लागलं नाही, आणि त्याचं श्रेय मी सरांनाच देतो.

आताची मुलं पहिलीपासून इंग्रजी वाचतात, लिहितातही छान. पण परवा महोत्सवाच्या बैठकीसाठी शाळेत आलो तेव्हा नववीच्या मुलांशी बोललो, आणि प्रत्येक गोष्टीला ‘येस सर’, ‘मी टू सर’ एवढंच ऐकू आलं. मुलं हुशार आहेत, त्यांना बोलायला तास हवा. येत्या जूनपासून शनिवारी सकाळी एक तास घ्यायची माझी तयारी आहे. मुख्याध्यापकांना तसं कळवलं आहे. आमच्या बॅचमधलं आणखी कुणी येणार असेल तर कार्यालयात नाव द्यावं.