कच्च्या फाइलमध्ये निअँडरथल तुकडा शोधताना : माझा अनुभव

डीएनए चाचणीच्या अहवालात ‘निअँडरथल, सुमारे दोन टक्के’ अशी ओळ असते (निअँडरथल म्हणजे आपल्याशी संकर झालेली, आता लुप्त झालेली मानवजात) आणि बहुतेकांची उत्सुकता तिथेच संपते. त्या आकड्यातून फारसं काही कळत नाही. आफ्रिकेबाहेरच्या जवळपास प्रत्येकात तो १ ते २ टक्क्यांच्या आसपासच असतो. कोणाच्या वाट्याला कुठला तुकडा आलाय, हे मात्र माणसागणिक बदलतं. म्हणून मी टक्केवारी सोडली, चाचणीत वाचलेली डीएनएची अक्षरं जशीच्या तशी देणारी कच्ची फाइल मागवली आणि तिसऱ्या गुणसूत्रावरचा एकच तुकडा तपासला. गंभीर कोविडचा धोका वाढवणारा हा तुकडा निअँडरथलांकडून आलाय, हे जनुकशास्त्रज्ञ ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो यांनी २०२० मध्ये दाखवलं. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांत आहे, दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत. त्यामुळे नाशिककराला तो सापडायची शक्यता चांगली.

चाचणीसाठी लाळेचा नमुना सकाळी, चहाच्या आधी दिलेला बरा. अर्धा तास आधीपासून खाणं-पिणं बंद. तंबाखू, सुपारी, मिश्री तर नकोच. त्यांचे कण लाळेत उतरले की नमुना बाद व्हायची भीती. नळीत साधारण २ मिली लाळ लागते आणि फेस त्यात मोजायचा नाही. डीएनए लाळेच्या पाण्यात नसतो, गालाच्या आतल्या आणि पांढऱ्या पेशींत असतो, म्हणून आधी गाल जिभेने आतून घासून घ्यायचे. झाकणातलं द्रव नळीत पूर्ण उतरवून नळी नीट उलटी-सुलटी करा. हे राहिलं तर जिवाणू वाढतात, डीएनए तुटतो, आणि एप्रिलच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत ते आणखी लवकर होतं.

फाइल म्हणजे सहा-सात लाख ओळींचा साधा मजकूर. स्तंभ चार : खुणेचा (म्हणजे माणसागणिक अक्षर बदलू शकणाऱ्या डीएनएतल्या जागेचा) क्रमांक, गुणसूत्र, स्थान आणि दोन अक्षरं, एक आईकडचं, एक वडिलांकडचं. मोबाइलवर ती अडकते, कॉम्प्युटरवरच उघडा. आधी वरच्या टिपेत ‘बिल्ड’, म्हणजे स्थानं मोजायच्या संदर्भ-नकाशाची आवृत्ती, ३७ आहे की ३८ ते पाहा. ३७ मध्ये हा तुकडा ४,५८,५९,६५१ पासून ४,५९,०९,०२४ पर्यंत, म्हणजे सुमारे ४९ हजार अक्षरांचा. ३८ मध्ये हीच स्थानं सुमारे ४१ हजारांनी मागे येतात. स्थानावरून शोधणारे इथेच हमखास फसतात. खुणेच्या क्रमांकावरून शोधलं तर हा घोळच नाही.

मी या चार खुणा पाहिल्या, कंसात निअँडरथल अक्षर : आरएस१७७१३०५४ (ए), आरएस१०४९०७७० (सी), आरएस७३०६४४२५ (टी), आरएस३५०४४५६२ (जी). चारही प्रत्येक चाचणीत असतीलच असं नाही. दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती जागा वाचली गेली नाही एवढंच समजायचं, ‘नाही’ असं नव्हे. दुसऱ्या खुणेवर टी-सी ऐवजी ए-जी आलं, तर डीएनएची समोरची साखळी वाचलेली असते. तिथे जी म्हणजेच सी.

एखादंच अक्षर जुळलं म्हणून तुकडा सिद्ध होत नाही. एकटं अक्षर आपल्या आणि निअँडरथलांच्या सामाईक पूर्वजाकडूनही आलेलं असू शकतं. तो पूर्वज पाचेक लाख वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात दर पिढीत गुणसूत्रांच्या जोडीत होणाऱ्या तुकड्यांच्या अदलाबदलीने ४९ हजार अक्षरांचा सलग तुकडा कधीच चिरफळला असता. तो अजून अखंड आहे, म्हणजे संकराने आला, साधारण ५० हजार वर्षांपूर्वी. म्हणून मी लांबीलाच पुरावा मानते.

हाच प्रयोग डेनिसोवनांसाठी (निअँडरथलांसारखीच आणखी एक लुप्त मानवजात) या फाइलवर करू नका. आपल्याकडे त्यांचा वाटा फार थोडा, आणि चाचणीच्या विरळ खुणांतून तो सहज निसटतो. त्यासाठी पूर्ण जनुकसंच वाचून घ्यावा लागतो. गंगापूरजवळ गोदाकाठी सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांशीही निकालाची सांगड घालू नये. हत्यारांत डीएनए नसतो, आणि निअँडरथलांशी संकर भारतात झाल्याचा पुरावा नाही.

तुकडा सापडला म्हणून घाबरायचं कारण नाही. तुकड्याच्या एका प्रतीने (आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला असेल तर) गंभीर कोविडचा धोका साधारण दीडपटीहून थोडा जास्त वाढतो, पण वयाचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा. याच तुकड्यामुळे एचआयव्हीच्या लागणीचा धोका २७ टक्क्यांनी कमी दिसतो, असं २०२२ मध्ये झेबर्ग यांनीच दाखवलं.

चारही खुणांवर एकेकच निअँडरथल अक्षर असेल, तर ती चारही एकाच गुणसूत्रावर आहेत का, हे फाइल सांगत नाही. आईची किंवा वडिलांची फाइल शेजारी ठेवली की बहुधा उलगडतं.