कढीपत्ता फवारायचा नाही

सिंहगड रस्त्यावरच्या एका बंगल्यातून सकाळीच फोन आला. "ताई, अळ्यांनी कढीपत्ता पार फस्त केलाय. माळीकाका पंप घेऊन आलेत, कुठलं औषध मारू?" म्हटलं, काहीही मारू नका, मी निघालेच.

ही बाग पावसाळ्याच्या तोंडावर मीच लावून दिली होती. घरच्यांना फुलपाखरं हवी होती, आणि यादीत होते पिटुनिया, डेलिया आणि भरगच्च पाकळ्यांचे गुलाब. असल्या गच्च फुलांत फुलपाखराच्या सोंडेला मध सापडणं मुश्कील, म्हणून मी पेंटास, एक्झोरा, झिनिया आणि जमैकन स्पाइक सुचवलं. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण तिने आपली जंगलं कशी व्यापलीत ते पाहिल्यापासून मी ती कुणाच्या अंगणात लावत नाही.

मध प्यायला आलेलं फुलपाखरू पिऊन निघून जातं. ते बागेत नांदावं असं वाटत असेल तर अंडी घालायला झाड लागतं, आणि प्रत्येक जातीची अळी ठरावीक झाडांचाच पाला खाते. म्हणून कढीपत्ता आणि लिंबू लावलं लाइम आणि कॉमन मॉर्मन या फुलपाखरांसाठी, सोनचाफा टेल्ड जेसाठी, कुंपणावर ईश्वरीचा वेल क्रिमझन रोझसाठी. कॉमन क्रोसाठी कण्हेर आणि प्लेन टायगरसाठी रुई मात्र मागच्या भिंतीला. कण्हेर विषारी, रुईचा चीक डोळ्याला घातक, आणि घरात लहान नातवंडं.

पोचले तेव्हा माळीकाका पाठीला पंप अडकवून तयार उभे. कढीपत्त्याचे शेंडे खरोखरच बोडके झाले होते. एका पानावर काळपट-पांढरा ठिपका होता. "ही चिमणीची शीट," सूनबाई म्हणाल्या. मी पान उन्हाकडे वळवून धरलं आणि ठिपका पुढे सरकला! लाइमची अळी लहान असताना अशीच दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. शेजारच्या फांदीवर तशी एक हिरवी होती. तिला गवताच्या काडीने हलकेच डिवचलं. डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी शिंग बाहेर आलं, उग्र वास सुटला. धाकटा नातू दचकून मागे सरला आणि लगेच म्हणाला, "परत कर ना!" नाही केलं. त्या जिवाला किती त्रास द्यायचा?

"ते ठीक आहे, पण आमटीला काय घालायचं?" सूनबाईंचा प्रश्न रास्त होता.

तेवढ्यात मागून आजींची हाक आली. "अगं, हा चांदीचा डूल कुणी अडकवलाय इथे?" कण्हेरीच्या पानाखाली कॉमन क्रोचा कोश लटकत होता. इतका चकचकीत, की आजींच्या साडीचा हिरवा रंग त्यात उमटला होता. सगळे आळीपाळीने वाकून बघून आले. माळीकाकाही आले, ते पंप उतरवून ठेवूनच.

मग व्यवहाराचं बोललो. कढीपत्ता चिवट असतो, अळ्या कोशात गेल्या की पुन्हा फुटतो. स्वयंपाकासाठी दुसरं रोप कुंडीत, वरून मच्छरदाणीची जाळी. फवारणी सगळ्या बागेत बंद, निंबोळी अर्कसुद्धा नाही, कारण तो अळ्यांनाही बाधतो. रुईवर मावा पडला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवायचा. नर्सरीतून नवीन रोप आणताना त्यावर काय मारलंय हे आधी विचारायचं. आणि उन्हात एका पसरट थाळीत माती ओली ठेवायची. नर फुलपाखरं तिथे क्षार शोषायला बसतात.

निघताना माळीकाका फाटकापर्यंत आले. "ताई, माझ्याकडे अजून दोन-तीन बंगले आहेत. ती ईश्वरी मिळेल का कुठे?" या वेलाला फळं धरून वाळली की बी तुमच्यासाठी राखून ठेवते, असं मी त्यांना कबूल केलं.