केत्तूरच्या काठावर वाळत घातलेली मासळी

सोलापूरहून रेल्वेने पारेवाडी, तिथून केत्तूर. पहिला दिवस उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघण्यात गेला. होडीवाल्या मामांनी बरंच अलीकडे इंजिन बंद करून होडी वल्ह्यावर नेली, म्हणून थवा उठला नाही. दुपारी त्यांच्याच घरी ज्वारीची भाकरी आणि चिलापी (तिलापिया) माशाचं झणझणीत कालवण. असा पाहुणचार शहरातल्या हॉटेलात पैसे मोजूनही मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी काठाकाठाने चालताना ताडपत्रीवर वाळत घातलेली बारीक मासळी दिसली आणि जीव कळवळला. ओंजळभर उचलून पाहिली. बहुतेक चिलापीची पिल्लं, पण मधेच मोठ्या डोक्याचा, वर वळलेल्या तोंडाचा कटला. जेमतेम करंगळीएवढा.

"पाव्हणं, ह्यो वरीसभर पाण्यात ऱ्हायला असता तर किलोचा झाला असता," मामा म्हणाले.

चिलापीचं एक वेळ चालतं. ती तोंडात अंडी सांभाळते, वर्षातून अनेकदा पिल्लं काढते, साचल्या पाण्यातही वाढते. कटला, रोहू, मृगळ यांना मात्र अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं, पुराचं पाणी लागतं. भीमेवर १९८० साली हे धरण झालं, पाणी थांबलं. त्यामुळे या माशांचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, जलाशयात मुद्दाम सोडावं लागतं.

सोडण्याचीही रीत आहे. बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, ८ ते १० सेंटीमीटरची तरी हवी, नाहीतर मरळ हा शिकारी मासा ती फस्त करतो. ऑक्सिजन भरलेली पिशवी न उघडता १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची. मग तोंड सोडून धरणाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं आणि पिशवी आडवी धरून मासे आपणहून बाहेर जाऊ द्यायचे. भर उन्हात घाईने ओतले की तापमानाच्या फरकाने उलटे होऊन तरंगतात.

एवढं करून सोडलेली पिल्लं आसऱ्याला जातात काठच्या उथळ पाण्यात, आणि नेमकं तिथेच मच्छरदाणीसारखं जाळं ओढलं जातं. त्याबरोबर तळचा चिखलही खरवडला जातो. त्या चिखलातल्या बारीक जिवांवरच रोहित पक्षी जगतात. ही सुकी मासळी व्यापारी काठावरच तोलून नेतो, तेव्हा हातात रोख पडते. ज्याची जमीन धरणात गेली, त्याला त्या रोखीचा मोह पडला तर दोष कसा द्यायचा? पण एका गावाने बारीक जाळं वापरणं बंद केलं आणि शेजारच्याने ओढलं, तर बंद करणाऱ्याचंच नुकसान. पाणी सोलापूर, पुणे, अहिल्यानगर (नगर) अशा तीन जिल्ह्यांना लागून आहे. काठच्या गावांनी एकत्र बसून जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, ठरवावा आणि पहारा आपसांत वाटून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

निघताना मामा अंगणात फाटलेलं जाळं विणत बसले होते. प्रत्येक गाठ मारण्याआधी डाव्या हाताची चार बोटं आसात घालून बघत होते.